आफ्रिकन बायकांचं जगभ्रमण: हिंमत आहे, व्हिसाचं काय?

डोंगरवाट

भटकंती विभागात परवा कुणीतरी पेलुमी नूबीचा व्हिडिओ टाकला आणि खाली "काय डेअरिंग आहे बाईचं" अशी रांग लागली. डेअरिंग आहेच, त्यात वाद नाही. पण मी गेली काही वर्षं नैरोबीत नोकरी करतेय, आणि इथल्या मैत्रिणींबरोबर तेच व्हिडिओ बघताना गप्पा भलतीकडेच वळतात. म्हणून वेगळा धागा काढला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पेलुमी ही ब्रिटिश-नायजेरियन मुलगी. ३० जानेवारी २०२४ ला लंडनहून एकटी निघाली, प्यूजो १०७ या चिमुकल्या जांभळ्या गाडीतून, आणि ७ एप्रिलला नायजेरियातल्या लागोसला पोचली. फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, पश्चिम सहारा, मॉरिटानिया, सेनेगल असं करत खाली. आयव्हरी कोस्टमध्ये रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रेलरवर गाडी आदळली, पुढचा भाग पार चेपला, बाईंना दवाखाना गाठावा लागला. तरी पुढे निघाली. लागोसच्या गव्हर्नरने नवी गाडी आणि घर देऊन स्वागत केलं.

तिच्या आधीचं मोठं नाव म्हणजे जेसिका नाबोंगो. आईवडील युगांडाचे, जन्म डेट्रॉइटचा. ६ ऑक्टोबर २०१९ ला सेशेल्समध्ये उतरून तिने जगातले १९५ देश पूर्ण केले. (पहिली कृष्णवर्णीय स्त्री तीच की वोनी स्पॉट्स, यावरून जालावर बरीच हाणामारी झालीय. ती इथे नको, प्लीज.)

आता तिसरी. अल्मा असिनोबी, नायजेरियाची. मार्च २०२५ मध्ये तिने सातही खंड सगळ्यात कमी वेळात पालथे घालायचा विक्रम करायला घेतला. अंटार्क्टिकापासून सुरुवात, सिडनीला शेवट. विक्रम होता ६४ तासांचा, तिला ७१ च्या वर लागले. हुकला. पण तिघींपैकी माझ्या ऑफिसातल्या पोरींची लाडकी कोण, तर ही हुकलेली. कारण ती हिरव्या नायजेरियन पासपोर्टवर निघाली होती, आणि ते तिने मुद्दाम, ओरडून सांगितलं होतं.

जेसिकाच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता. तिची जिद्द त्याने कमी होत नाही. मात्र तिचं कौतुक करताना "मनात आणलं की काहीही होतं" असं जे म्हटलं जातं, ते ऐकून इथे हशा पिकतो. मनात आणून काही होत नाही हो. मनात आणल्यावर फाइल करावी लागते.

एक फाइल मी जवळून पाहिली. माझी सहकारी, वय चौतीस, अविवाहित, बऱ्या पगाराची. युरोपातल्या एका परिषदेचं रीतसर आमंत्रण होतं, तिकडचे लोक राहायचा-खायचा खर्च देणार होते. तरी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, प्रवास विमा, आणि कहर म्हणजे न्येरीकडच्या आईच्या शेताच्या सातबाराची (इथे टायटल डीड म्हणतात) प्रत. का, तर परत यायला काहीतरी कारण दिसलं पाहिजे. नवरा नाही, मूल नाही, मग निदान आईचं शेत तरी. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलेला पहिला प्रश्न लग्नाबद्दलच होता. तीन आठवड्यांनी छापील फॉर्म आला. त्यात कारणं आधीच छापलेली असतात, लागू असेल त्या चौकटीत खूण करतात. हिची खूण होती "मुदतीत देश सोडून जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका" या चौकटीत. शेंगेनची (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची) फी जून २०२४ पासून ९० युरो झालीय. नकार आला तरी परत मिळत नाही.

ही बाई एकटीने मोटरसायकलवरून उत्तर केनियातल्या ओसाड तुर्काना तलावापर्यंत जाऊन आलीय. धाडस कमी पडलं असं कुणी म्हणू नये.

तुमचे अनुभव, माहिती, मतभेद, सगळं येऊ द्या.

आळशी_मांजर

वाचनखूण साठवली. त्या तुर्कानावर वेगळा लेख पाहिजे.

सदाशिवपेठी

लेख चांगला, पण सूर पटला नाही. हे सगळं भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू आहे. आम्हीही बँक स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जोडतो, आमचेही व्हिसे नाकारले जातात. आम्ही कधी त्याचा रंगाशी आणि लिंगाशी संबंध जोडला नाही. आणि जे देश मुदत संपल्यावर राहणाऱ्यांमुळे पोळलेत त्यांनी चौकशी करायची नाही का?

डोंगरवाट

@सदाशिवपेठी, तुमचा पहिला मुद्दा तुम्हाला वाटतो त्याहून खरा आहे. कुठल्या पासपोर्टवर किती देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, त्या प्रसिद्ध यादीत केनिया आपल्यापेक्षा वर असतो, दक्षिण आफ्रिका तर बरीच वर. तेव्हा "बिचारे आफ्रिकन" अशा नजरेने बघायची आपली ऐपतच नाही.

फरक शेजारात पडतो. आपण नेपाळला मतदार ओळखपत्रावर जातो. आफ्रिकेत शेजारच्या देशात जायलाही व्हिसा काढावा लागणारे कितीतरी. अलिको डांगोटे, म्हणजे खंडातला सगळ्यात श्रीमंत माणूस, २०२४ मध्ये रवांडातल्या किगालीच्या व्यासपीठावर म्हणाला की नायजेरियन पासपोर्टवर आफ्रिका फिरायला मला ३५ व्हिसे लागतात. शेजारी टोटल या फ्रेंच तेल कंपनीचे प्रमुख बसले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, यांना माझ्यापेक्षा कमी लागतात. डांगोटेची ही गत, तर बाजारात टोमॅटो विकणारीची काय?

आणि लिंगाचा संबंध मी जोडला नाही, खिडकीतल्या माणसाने जोडला. चौकशी खुशाल करा की. पण "लग्न का नाही केलं" ही कसली चौकशी?

खडीसाखर

+१ शेवटच्या वाक्याला. मला नागपूरहून अर्ज करताना हाच प्रश्न आला होता, फक्त सभ्य शब्दांत.

दरबानचा_दादा

डोंगरवाट ताई, धागा उत्तम. मी वीसेक वर्षं दक्षिण आफ्रिकेत आहे, थोडी जुनी भर घालतो. "बाईने कुठे जायचं हे कागद ठरवणार" ही गोष्ट इकडे व्हिसाच्या कितीतरी आधीची आहे, आणि देशाच्या आतलीच.

वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात पासबुक बाळगावं लागे. कुठे राहायचं, कुठे काम करायचं, शहरात किती वेळ थांबायचं, सगळं त्यात. आधी ते पुरुषांना होतं. बायकांवर लादायचा प्रयत्न १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनला झाला, तेव्हा बायकांनी तो हाणून पाडला. पन्नाशीच्या दशकात सरकारने पुन्हा काढला. मग ९ ऑगस्ट १९५६ ला प्रिटोरियात युनियन बिल्डिंग्जवर (सरकारचं मुख्यालय) सुमारे २०,००० बायका चालून गेल्या. पुढे चौघी: लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स-डी ब्रुइन. यातल्या रहिमा मूसा आपल्या भारतीय वंशाच्या. पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. सह्यांचे गठ्ठे त्यांच्या दारात ठेवून बायका अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या. आज तो दिवस इथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पास कायदे रद्द व्हायला मात्र १९८६ उजाडलं.

खरी सांगायची गोष्ट लिलियनबाईंची. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी विधवा. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला मातांची जागतिक परिषद होती. पासपोर्ट मिळणं शक्यच नव्हतं. ही आणि डोरा तमाना अशा दोघी, गोऱ्या बायकांची नावं लावून, केप टाउनहून बोटीत शिरायला गेल्या, ते फसलं. मग विमानाने गेल्या, तिथेही गोऱ्यांच्या जागांचा नियम धुडकावून. ब्रिटनमध्ये शिरताना सांगितलं, बायबलचा अभ्यासक्रम करायला आलोय! तिथून स्वित्झर्लंड, जर्मनी, पुढे पार रशिया आणि चीन. माझ्या हिशोबी या विषयातला सगळ्यात मोठा प्रवास हाच. परत आल्यावर सरकारने त्याची किंमत वसूल केली. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं बाईंना जोहान्सबर्गजवळच्या ऑर्लँडो वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी होती. १९८० मध्ये गेल्या, तिथेच.

टिवल्याबावल्या

बायबलचा अभ्यास सांगून थेट माओच्या देशात! दंडवत.

खडीसाखर

दादा, यात तुमच्याकडचीच गायिका मिरियम मकेबा राहिली. १९६० मध्ये आईच्या अंत्यसंस्काराला घरी जायला निघाली तर कळलं की तिचा पासपोर्टच रद्द केलाय. पुढे १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वर्णभेदाविरुद्ध बोलली, तर नागरिकत्वही गेलं. मग गिनीसकट कितीतरी देशांनी आपापले पासपोर्ट दिले. जगभर गायली, पण स्वतःच्या घरी परतली १९९० मध्ये. जग फिरायला मोकळीक आणि घर तेवढं बंद. ही तऱ्हा मला त्या १९५ देशांच्या विक्रमापेक्षा जास्त लक्षात राहते.

वकिली_चष्मा

कायद्याच्या बाजूने थोडं. बाईची ये-जा अडवायला व्हिसाच लागतो असं नाही, घरचा कायदाही पुरतो.

बोट्सवानाची युनिटी डाउ. स्वतः वकील. नवरा अमेरिकन. १९८४ चा नागरिकत्व कायदा असा की बोट्सवानाच्या पुरुषाने परदेशी बायको केली तर मुलं बोट्सवानाची, पण बाईने परदेशी नवरा केला तर मुलं परकी. त्यामुळे बोट्सवानातच जन्मलेल्या, तिथेच वाढणाऱ्या तिच्या मुलांना राहण्याचा परवाना लागायचा आणि आईच्या पासपोर्टवर त्यांना सीमा ओलांडता येत नव्हती. तिने सरकारला कोर्टात खेचलं. सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: आमचा समाज पितृसत्ताक आहे, आणि राज्यघटनेत भेदभाव करू नये अशा कारणांच्या यादीत "लिंग" हा शब्द मुद्दामच घातलेला नाही! १९९१ मध्ये हायकोर्टात आणि १९९२ मध्ये अपिलात ती जिंकली. पुढे १९९८ मध्ये तीच बोट्सवानाच्या हायकोर्टाची पहिली स्त्री न्यायाधीश झाली.

उत्तरेकडे आणखी कठीण. फेब्रुवारी २०१७ मध्ये पूर्व लिबियातल्या लष्करी अधिकाऱ्याने साठीच्या आतल्या बायकांनी पुरुष पालकाशिवाय परदेशी जायचं नाही असा हुकूमच काढला. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घ्यावा लागला. सुदानमध्ये आईला स्वतःच्या मुलांना घेऊन परदेशी जायला नवऱ्याची परवानगी लागायची, ते २०२० मध्ये गेलं. म्हणजे पेलुमीचा जो व्हिडिओ आपण बघतो, त्याच्या मागे अशा कितीतरी बायकांनी कोर्टात घातलेली वर्षं आहेत. त्यांचे व्हिडिओ कुणी काढले नाहीत.

सदाशिवपेठी

डाउ यांचा खटला माहीत नव्हता, वाचतो. पण मग एक सांगा, आफ्रिकन देशांना स्वतःच्या सीमा उघडायला कोणी अडवलंय? यात युरोपचा दोष कुठे?

डोंगरवाट

हा प्रश्न रास्त आहे, आणि इथले लोक आपल्या सरकारांना हाच विचारतात.

आफ्रिकी संघाने २०१६ मध्ये किगालीत अख्ख्या खंडाचा एक पासपोर्ट वाजतगाजत काढला. पहिले दोन कुणाला, तर रवांडाच्या कगामेंना आणि चाडच्या इद्रिस डेबींना, म्हणजे ज्यांना सीमेवर कोणी अडवतच नाही अशा दोघांना. जानेवारी २०१८ मध्ये मुक्त संचाराचा करार झाला. तो लागू व्हायला १५ देशांची मंजुरी हवी. माली, नायजर, रवांडा आणि साओ टोमे या चौघांच्या पलीकडे गाडी वर्षानुवर्षं सरकली नाही. मोठ्या देशांना गरीब शेजाऱ्यांची भीती वाटते. युरोपला वाटते तीच.

काही देशांनी स्वतःहून दारं उघडली. बेनिन, गांबिया, सेशेल्स, रवांडा इथे कुठल्याही आफ्रिकन नागरिकाला व्हिसा लागत नाही. आमच्या केनियाने जानेवारी २०२४ मध्ये "व्हिसा रद्द" अशी दवंडी पिटली आणि त्याजागी ३० डॉलरची ऑनलाइन परवानगी आणली. ज्या आफ्रिकन देशांच्या लोकांना आधी काहीच लागत नव्हतं त्यांतल्या कित्येकांना उलट फॉर्म भरायची वेळ आली! ओरड झाली, मग २०२५ मध्ये बहुतेक आफ्रिकन देशांना त्यातून वगळलं.

पश्चिम आफ्रिका या बाबतीत फार पुढे. इकोवासचा (पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाचा) करार १९७९ चा: सदस्य देशांत ९० दिवस व्हिसाशिवाय. त्यामुळे नायजेरियन बाईला सेनेगलपासून लागोसपर्यंत एकही व्हिसा लागत नाही, निदान कागदावर. रस्त्यात नाके लागतात आणि प्रत्येक नाक्यावर "काहीतरी" द्यावं लागतं, ते वेगळं. बेनिनकडून सेमेची सीमा ओलांडून लागोसला येणाऱ्या कुणालाही विचारा. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून बाहेर पडले, त्याचं पुढे काय होतं ते बघायचं.

पण युरोप-अमेरिका अगदीच धुतल्या तांदळाचे नाहीत हं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने पर्यटक व्हिसासाठी १५,००० डॉलरपर्यंत जामीन ठेवायची योजना काढली. सुरुवात कुणापासून? मलावी आणि झांबिया.

टिवल्याबावल्या

एवढे डॉलर असते तर मलावीचा माणूस अमेरिकेला कशाला गेला असता, आम्हीच मलावीला गेलो असतो. (हलकेच घ्या.)

आळशी_मांजर

एक शंका. या सगळ्या विक्रमवाल्या शिकलेल्या, शहरी. साध्या बायका फिरतात का?

डोंगरवाट

फिरतात म्हणजे काय, खंडभरच्या सीमांवरची वर्दळ त्यांच्यावर चालते. फक्त कोणी त्याला प्रवास म्हणत नाही.

रवांडातलं रुबावू आणि काँगोतलं गोमा ही चिकटून वसलेली गावं. मध्ये एक फाटक आहे, त्याला "पेतीत बारिएर" (छोटं फाटक) म्हणतात. मी रवांडाच्या बाजूने सकाळी तिथे उभी राहिलेय. डोक्यावर कोबी आणि गाजरांच्या पाट्या, पाठीला कापडात बांधलेलं मूल, हातात दुमडून दुमडून मऊ झालेला पासाचा कागद. बायकाच बायका. पलीकडे माल विकायचा आणि फाटक बंद व्हायच्या आत परत. कुठल्या रांगेतला अधिकारी किती घेतो, कुठला अंगचटीला येतो, हे त्यांना तोंडपाठ. गोम्यातल्या लढाईने २०२५ च्या सुरुवातीला सगळं विस्कटलं. फाटकाला कुलूप लागलं की त्या दिवशीची चूल बंद.

आणि एकेकाळी याच बाजारातून राण्या झाल्या होत्या. टोगोतल्या लोमेच्या "नाना बेंझ". डच कंपनीच्या छापील वॅक्स कापडाची घाऊक विक्री यांच्या हातात होती. नमुन्यांना नावं याच देणार, कुठलं डिझाइन चालेल ते याच सांगणार, आणि फिरायला मर्सिडीज. नाव पडलं ते त्यावरूनच. सरकारकडे पाहुणे आले की यांच्या गाड्या उसन्या मागून नेत, असं लोमेत सांगतात. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकची (तिथल्या चलनाची) किंमत एका रात्रीत निम्मी झाली आणि या धंद्याचं कंबरडं मोडलं. उरलंसुरलं चिनी नकलांनी खाल्लं.

दरबानचा_दादा

आमच्याकडे झिम्बाब्वेच्या बायका बेटब्रिजच्या सीमेवरून अशाच येतात. येताना क्रोशाची टेबलक्लॉथं विकायला, जाताना तेल, साबण, ब्लँकेटं. डिसेंबरात तिथली रांग पाहिलीत तर पंढरपूरची दर्शनरांग बरी म्हणाल.

अवांतर: सरय खुमालोचं नाव कोणीच घेतलं नाही. जन्म झांबियाचा, राहणार जोहान्सबर्ग. मे २०१९ मध्ये एव्हरेस्ट चढलेली पहिली काळी आफ्रिकन स्त्री. आधीचे प्रयत्न फसले होते, त्यात एकदा भूकंप आडवा आला.

बुलेटराजा

धागा मस्त. मी आणि बायको दोन वर्षांनी आफ्रिकेत बाइकवर फिरायचं म्हणतोय. एबाइडे नावाची नायजेरियन मुलगी मोंबासा ते लागोस एकटी बाइकवर गेली, तिचे व्हिडिओ बघून बायकोने हट्टच धरलाय. कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कागद) लागतो का? आणि सुरुवात कुठून करावी?

डोंगरवाट

@बुलेटराजा, भारतातून स्वतःची बाइक बोटीने आणणार असाल तर कार्ने काढाच. गाडी विकून पळून जाणार नाही याची ती हमी असते, आणि त्यासाठी बरीच रक्कम अडकवावी लागते. पहिल्यांदा येताय तर नैरोबीत बाइक भाड्याने घ्या आणि केनिया, युगांडा, रवांडा एवढंच करा. या तिन्हींचा मिळून ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा आहे: १०० डॉलर, ९० दिवस, तिघांत कितीही वेळा ये-जा. इथल्या नागरिकांना तर या तीन देशांत नुसतं ओळखपत्र पुरतं. माझी ती सहकारी दर दोन महिन्यांनी युगांडात कंपालाला जाऊन येते, काही विचारत नाहीत.

पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जिवापाड जपा. युगांडात शिरताना लागतंच, आणि मुंबईला परत उतरताना जास्त लागतं. नसेल तर आपलेच लोक विलगीकरणात टाकतात, सहा दिवसांपर्यंत.

बायकोला इथे आयडी काढायला सांगा, तिच्याशी बोलते. हट्ट तिचा आहे तर प्रश्न तिचेच ऐकलेले बरे.

बुलेटराजा

सांगतो, ती वाचतेच आहे मागे उभी राहून. ती विचारतेय, रवांडाच्या सीमेवर सामान फार उचकतात का?

डोंगरवाट

प्लास्टिकच्या पिशव्या शोधतात. २००८ पासून बंदी आहे. चकल्या-चिवडा डब्यात भरा.